सूरमावशीला आधी कळायला हवं होतं

सूरमावशीशी बोलायचं तर आधी घसा साफ करून जावं लागायचं. तुम्ही काय म्हणताय ते ती नंतर ऐकायची. कसं म्हणताय ते आधी. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, बाई, वायसर गेलाय, बदलावा लागेल. हिने त्याला सांगितलं की तुम्ही वाक्याचा शेवट गिळता, पोटातून श्वास घ्या. बिचारा पाना हातात धरून तीनदा 'वायसर गेलाय' म्हणाला, तिसऱ्यांदा तिला पटलं आणि मगच नळाचं काम सुरू झालं. कुणाचा चुकून फोन लागला तर ही म्हणणार, नंबर चुकलाय तुमचा, पण आवाज छान आहे, गात का नाही? अशा एका चुकलेल्या नंबराचे गृहस्थ पुढे अकरा वर्षं तिच्या क्लासला येत होते. खोटं वाटत असेल तर वाटू दे, पण झालं ते असंच.

तिचा नवराही या तडाख्यातून सुटला नव्हता. लग्नाचं विचारताना त्याचा आवाज चिरकला. हिने शांतपणे सांगितलं, श्वास घ्या आणि पुन्हा विचारा. त्याने घेतला, विचारलं. दुसऱ्या खेपेला सूर बरा लागला म्हणून हो म्हणाली, असं तो बिचारा जन्मभर चारचौघांत सांगत राहिला आणि हिने ते एकदाही खोडून काढलं नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला. आता घरात ती, एक जुना पियानो आणि चोवीस खुर्च्या.

क्लास घरातच होता, पहिल्या मजल्यावर, खाली चावीवाल्याचं दुकान. त्याचं चाव्या घासायचं मशीन किरकिर करायचं ते नेमकं दोन सुरांच्या मधे. बाकी कुणाला काही वाटायचं नाही, सूरमावशीचे दात मात्र आंबायचे. शेवटी दोघांत तह झाला. चार ते सहा मशीन बंद, आणि त्या बदल्यात मावशीच्या क्लासमधल्या कुणाचीही चावी हरवली तर ती त्याच्याकडेच बनवायची. गाणारी माणसं चाव्या हरवण्यात पटाईत असतात, त्यामुळे चावीवाल्याचं काही बिघडलं नाही.

आणखी एक सांगितलं पाहिजे. सूरमावशी शिकवायची ती डोळे मिटून. तरुणपणी तिच्या लक्षात आलं होतं की गोड चेहऱ्याचं पोर बेसूर गायलं तरी आपण माफ करतो, आणि एखादं कुरूप तोंड करून सुंदर गायलं तरी आपलं लक्ष त्या तोंडाकडेच जातं. मग तिने डोळे मिटायला सुरुवात केली ती चाळीस वर्षं मिटलेलेच. पोरं याचा फायदा घेणारच. एकीने म्हणे एका तासात अख्खं सफरचंद संपवलं. एकदा सगळ्यांनी संगनमत करून मावशीकडे पाठ केली आणि गायला लागले. हिने डोळे न उघडता सांगितलं, भिंतीला गाणं येत नाही, इकडे वळा. त्या दिवसापासून पोरांनी कानाला खडा लावला.

तर अशा या बाईची एक लेक. लेक दातांच्या कवळ्या बनवते, दुसऱ्यांची बत्तिशी घडवता घडवता स्वतः दात-ओठ खात संध्याकाळी घरी येते. जावई जहाजावर, वर्षातून दोनदा उगवतो, येताना अवजड खेळणी आणतो आणि पोर केवढं झालंय हे बघून दरवेळी नव्याने थक्क होतो. त्यांना एकच मूल. मुलगी झाली होती. बोलायला लागायच्या आधी गुणगुणायला लागली म्हणून आजीने नाव ठेवलं भुंगा, आणि मग घरीदारी भुंगा आला, भुंगा जेवला, भुंग्याने दूध सांडलं असंच चालू झालं. फ्रॉक घातलेला भुंगा. कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं.

भुंगा चार वर्षांचा होता तेव्हापासून शाळा सुटली की आजीकडे. पियानोखाली झोपायचा, पियानोखाली गृहपाठ करायचा. आणि गायचा. आता आजीचं कौतुक म्हणजे आजीचंच, पण सूरमावशी कौतुक करणारी बाई नव्हतीच मुळी. क्लासमधल्या एका मुलीला तिने तोंडावर सांगितलं होतं की बाळ, तू श्रोता हो, श्रोत्यांचीही गरज असते. अशी ही खाष्ट. पण भुंग्याचा वरचा सूर लागला की ती मिटल्या डोळ्यांनी मान खाली घालायची. चाळीस वर्षांत हजारेक आवाज तिच्या कानांवरून गेले असतील. असा हा एकच. न चढता वर पोचलेला, शिडी न लावता. संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा आठ महिन्यांवर होती आणि सूरमावशीने कुणाला न सांगता परीक्षेसाठी नवी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. परीक्षा पोराची, साडी हिला.

त्या सुमारास भुंग्याचा आवाज जरा घोगरा व्हायला लागला. सतरा वर्षांचं पोर, अभ्यास, जागरण, होतं असं. सूरमावशीने मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. थंड पाणी बंद, आइस्क्रीम बंद, मैत्रिणींशी रस्त्यात मोठ्याने बोलणं बंद. लेकीला फोन करून झापलं की तुमच्या घरातला एसी आधी बंद करा. भुंग्याने मुकाट्याने गुळण्या केल्या. घोगरेपणा काही गेला नाही.

मग एका मंगळवारी क्लास सुरू व्हायच्या आधी भुंगा आला. सूरमावशी पियानोजवळ बसून नेहमीप्रमाणे डोळे मिटून पट्ट्या तपासत होती, एक एक दाबून. भुंगा शेजारी येऊन उभा राहिला. मग खालच्या, जाड आवाजात म्हणाला, "आजी, मी मुलगा आहे. आजचं नाही हे, बरीच वर्षं झाली."

सूरमावशी पट्टीवरचं बोट न उचलता म्हणाली, "घसा दाबून बोलू नकोस. श्वास घे आणि पुन्हा बोल."

मग पिशवी उचलल्याचा आवाज, मग जिन्यावर पावलं. सूरमावशीने उरलेल्या पट्ट्या तपासल्या. एक जरा उतरली होती, तिची नोंद केली. मग फडकं घेऊन पियानो पुसायला लागली आणि अर्धा पुसून झाल्यावर तिचा हात थांबला. पोर काय म्हणालं, हे तिला तेव्हा ऐकू आलं. हातातलं फडकं तसंच, आणि ही आपली उभी. चार वाजले, मुलं येऊन खुर्च्यांवर बसली, तरी उभीच.

तिने फोन केला, भुंग्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेरा वर्षांत तापातसुद्धा पियानोखाली येऊन झोपणारं पोर.

चौथ्या दिवशी लेक आली. कामावरून तडक, नखांत अजून कवळ्यांचं पांढरं प्लास्टर. आली ती खुर्चीत बसलीच आणि म्हणाली, आई, आता तुला सांगायलाच हवं. सांगितलं ते असं. वर्ष झालं, भुंगा म्हणतो मी मुलगा आहे. आधी वाटलं वयाचं असेल, मैत्रिणींचं बघून असेल, फोनवर दिवसरात्र काय वाचतं कुणास ठाऊक, त्याचं असेल. मग पोर जेवेना. आरसे झाकायला लागलं. मग एका दवाखान्यात नेलं जिथे अशी मुलं जातात. तिथल्या डॉक्टरबाई त्याच्याशी चार वेळा बोलल्या आहेत, अजून बऱ्याच भेटी बाकी आहेत, त्यांना मुळीच घाई नाही. घाई आहे ती भुंग्याला. त्याला औषध हवंय. हार्मोन. ते घेतलं की दाढी येईल, अंग बदलेल, आणि आवाज उतरेल.

सूरमावशीला बाकी सगळं नंतर ऐकू आलं. तिने आधी एवढंच विचारलं, किती उतरेल.

लेक चिडली. चिडायलाच हवं होतं. म्हणाली, तुला त्याचीच पडलीये, माझा जीव इथे टांगणीला लागलाय. मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, "मला दोन्हीची भीती वाटते गं. हो म्हटलं आणि उद्या ते पंचविसाव्या वर्षी म्हणालं, आई, तू मला अडवलं का नाहीस? आणि नाही म्हटलं आणि पंचविसावं वर्षच आलं नाही तर?"

लेकीने जाता जाता विनंती केली की तू समजाव, फक्त थांबायला सांग, तुझं ऐकतं ते. सूरमावशीने मान डोलावली. माझं ऐकतं खरं, मीच त्याचं ऐकलेलं नाही, हे काही तिच्या तोंडातून निघालं नाही.

आता बाई स्वस्थ बसणारी नव्हे. तिच्या क्लासमधली जिला श्रोता हो म्हणून सांगितलं होतं, ती मुलगी मोठी होऊन घशाची डॉक्टर झाली होती. बहुतेक त्याच रागाने झाली असावी. सूरमावशी तिच्याकडे गेली, नंबर लावून बसली आणि आत गेल्यावर प्रश्न विचारला: हे औषध घेऊन मग बंद केलं, तर आवाज परत येतो का?

डॉक्टरने जुना राग मनात न धरता नीट समजावलं. नाही, मावशी. औषध थांबवलं तर काही गोष्टी माघारी फिरतात. आवाज त्यांतला नाही. गळ्यातल्या तारा एकदा जाड झाल्या की झाल्या. मग सूरमावशीने विचारलं की तुझं मत काय, द्यावं का पोरांना हे? डॉक्टरने खुर्ची मागे सारली. म्हणाली, याने काही मुलांचं जगणं सोपं झालेलं मी पाहिलंय. एकदोघांना पुढे पस्तावा झालेलाही पाहिलाय. आपलं मूल कुठल्या बाजूचं, हे आधी सांगणारं यंत्र कुणाकडे नाही. मी म्हणेन सावकाश जा, वाढीचं वय आहे. माझ्या शेजारच्या खोलीतले डॉक्टर म्हणतील, फार थांबवलंत तर तेही नुकसानच. आमच्यातच एकमत नाही.

म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही, असं सूरमावशी म्हणाली. डॉक्टर म्हणाली, पुरतं नाही. एवढं मोठं शिक्षण घेऊन हे उत्तर, म्हणून मावशी जरा फणकारली, पण घरी येताना तिला वाटलं की खोटं तरी बोलली नाही पोरगी. लहानपणी गातानाही खोटं गायची नाही, फक्त बेसूर गायची.

आणि मग तिच्या डोक्यात रेकॉर्डिंगचं खूळ शिरलं. आवाज जाणार असेल तर जाण्याआधी तो कुठेतरी ठेवून तर घ्यावा. पोराला समजवायचं ते समजवूच, पण आधी हे. आता तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, नातवंड हातचं चाललंय आणि हिला आवाज डबीत भरून ठेवायचाय. म्हणा. तिने स्वतःलाही ते म्हणून घेतलं, आणि तरी खाली जाऊन चावीवाल्याकडे रेकॉर्डिंगचं यंत्र मागितलंच. चावीवाल्याला पक्ष्यांचे आवाज टिपायचा नाद होता, सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी तो झाडाखाली यंत्र घेऊन बसायचा. त्याने यंत्र दिलं आणि बजावून सांगितलं, या लाल दिव्यावर नजर ठेवायची, तो लागला की आवाज फाटतो. नजर हटवायची नाही.

भुंग्याला तिने निरोप धाडला. एकदा ये, एक गाणं म्हण, मला ठेवायचंय. तिला वाटलं होतं येणार नाही. पण शनिवारी सकाळी आला. केस बारीक कापलेले, अंगात बापाचा जुना ढगळ शर्ट. दोघंही त्या मंगळवाराबद्दल काही बोलली नाहीत. सूरमावशीने पाणी दिलं, कोमट. भुंगा ते प्यायला. मग तिने यंत्राचं बटण दाबलं, पियानोवर सूर दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून त्याचं गाणं ऐकायला बसली, लाल दिवा बघायचा होता म्हणून.

दिवा काही लागेना. तिची नजर दिव्यावरून भुंग्याच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच अडकली. गाणं खालच्या सुरांतून वर चाललं होतं आणि जसजसं वर जात होतं तसतसे पोराचे खांदे आखडत होते, हनुवटी छातीत शिरत होती, डोळे पायांकडे. भरल्या रस्त्यात कुणी अंगावरचे कपडे ओढत असावं तसं ते पोर उभं होतं. किती वर्षं असं उभं राहून गात असेल? ही समोर बसून डोळे मिटून मान डोलावत होती, आणि वर म्हणत होती, वा.

मग तो वरचा सूर आला. लागला, आणि मधेच फाटला. दोन सुरांच्या मधे खरखरला, खाली घसरला, पुन्हा लागला. आणि सूर फाटला त्या क्षणी भुंग्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. लपवलेलं, पण आलं.

सूरमावशीने चाळीस वर्षांत शेदोनशे मुलांचे आवाज फुटताना ऐकले होते. दूध नासलं की घरच्या बाईला झाकण काढताच कळतं, तसं तिला ते कळायचं, मुलाच्या आईच्या आधी, मुलाच्याही आधी. सर्दीचा घोगरेपणा वेगळा, दाबलेला घसा वेगळा, आणि हे वेगळं. तिने यंत्र बंद केलं.

"किती आठवडे झाले?" तिने विचारलं.

भुंगा म्हणाला, कसले आठवडे.

"माझ्या कानांना सांगतोस? किती?"

"नऊ."

मग सगळं बाहेर पडलं. दवाखान्यातल्या भेटी संपता संपेनात. दर वेळी तेच प्रश्न, पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. मित्राच्या मित्राचा कुणीतरी होता, तो औषध आणून द्यायचा. पिशवीतून त्याने ट्यूब काढून दाखवली. पांढरी, अर्ध्यावर पिळलेली, लेबल परक्या भाषेतलं, तारीख खरवडून काढलेली. रोज सकाळी खांद्याला चोळायची. किती? अंदाजाने. रक्त तपासलं? नाही. कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही.

सूरमावशीचा पारा चढला होता. तिला ओरडायचं होतं, की मूर्खा, हे काय पायाला लावायचं मलम आहे का. पण भुंगा पुढे बोलला आणि तिची चिडच गळून गेली.

तो म्हणाला, "मला वाटलं होतं सगळ्यांच्या आधी तुला कळेल. आवाज उतरायला लागला आणि मी रोज वाट बघत होतो, आज आजी विचारेल, आज विचारेल. तू गुळण्या दिल्यास. मग त्या मंगळवारी मीच सांगायला आलो."

कुणी तोंडात मारल्यासारखी सूरमावशी बसून राहिली. अख्ख्या गावाचे सूर ओळखणारी बाई. एक पोर रोज तिच्या कानाशी येऊन सांगत होतं आणि हिने त्याला मिठाचं पाणी पाजलं.

मग तिने जे मनात होतं ते सगळं, क्रम न लावता, सांगून टाकलं. की मला तुझा आवाज फार आवडतो आणि तो जाणार म्हणून मला रडू येतंय, आणि त्याची मला लाज वाटते. की तू मुलगा आहेस का मुलगी हे मला कळत नाही, माझं वय झालंय, पण तू गाताना कसा उभा राहतोस ते मी आज पाहिलं, ते मी विसरणार नाही. की मला भीती वाटते. सतराव्या वर्षी मलाही बऱ्याच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या, त्यातल्या निम्म्या पुढे चुकीच्या निघाल्या, पण त्या मागे घेता आल्या. ही घेता येणार नाही. तुझी खात्री खरी असेलही. असली तर ती सहा महिन्यांनीही खरीच असेल, तेवढं थांबायला काय हरकत आहे?

भुंगा म्हणाला, सहा महिने तुझ्यासाठी सहा महिने आहेत, आजी.

मग तिने ट्यूब हातात घेतली आणि फोनकडे गेली. भुंग्याला कळलं ती काय करणार ते. आधी विनवलं, मग भांडला. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, म्हणाला. तू सांगितलंस तर सगळं बंद करतील, दवाखानासुद्धा, आणि मग मी तुझं तोंड बघणार नाही.

लेकीचा नंबर सूरमावशीला पाठ होता तरी दोनदा चुकला. "अशी ट्यूब परत आणलीस तर मी परत सांगेन," ती म्हणाली. "दर वेळी सांगेन. आणि डॉक्टर उद्या तपासून, विचार करून हो म्हणाले ना, तर औषधाच्या दुकानात मी तुझ्याबरोबर येईन. रडत येईन, पण येईन."

भुंगा जिना उतरून गेला. दार एवढ्या जोरात आपटलं की खालून चावीवाला वर बघायला आला. सूरमावशीने त्याला यंत्र परत दिलं. गाणं आत होतं, ते काढून द्यायचं का असं त्याने विचारलं. ती म्हणाली, पुसून टाका, पोराला विचारलं नव्हतं नीट.

मग नऊ दिवस गेले. लेक येऊन जायची, खबर द्यायची. तिने घरात आकाशपाताळ एक केलं होतं, मग शांत झाली होती. जावयाने जहाजावरून फोनवर तासभर काहीतरी सांगितलं होतं, त्यातलं अर्धं वाऱ्यात गेलं. दवाखान्याने तातडीने बोलावलं होतं. भुंगा घरात बोलत होता, जेवत होता, पण आजीचं नाव काढलं की उठून जायचा. सूरमावशीने क्लास चालू ठेवला. डोळे उघडे ठेवून शिकवायला लागली. पोरांची पंचाईत झाली. कुणाला खाता येईना, कुणाला खिडकीबाहेर बघता येईना. दोघांनी तर आईवडिलांकडे तक्रार केली की मावशी आता टक लावून बघतात. बघत होती खरी. एक मुलगा प्रत्येक गाण्याला डोळ्यांत पाणी आणून उभा असायचा, हे तिला चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर त्या आठवड्यात कळलं. विचारल्यावर समजलं, त्याचे बूट लहान झाले होते.

दवाखान्याच्या दिवशी तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली. बस बदलून, जिने चढून, बोळाच्या टोकाला बाकावर जाऊन बसली. लेक आणि भुंगा आधीच आले होते. भुंग्याने तिच्याकडे बघितलं आणि आईला म्हणाला, ती आत येणार नाही. लेकीचा चेहरा उतरला. सूरमावशी म्हणाली, बरोबर आहे, मी इथेच बसते. आणि दोघं आत गेली.

बोळात पाण्याचं यंत्र घरघरत होतं, सुराच्या जरा खाली. समोर एक बाप आणि त्याचं पोर एकमेकांकडे न बघता बसले होते. परिचारिका येऊन काहीतरी म्हणाली आणि सूरमावशीने तिला पुन्हा विचारलं, काय म्हणालात? परिचारिका म्हणाली, पाय जरा आत घ्या, गाडी जायची आहे. सूरमावशीने पाय आत घेतले. आत डॉक्टर काय सांगत असतील? रागावले असतील? पोर रडत असेल? उठून दाराला कान लावावा असं तिला फार वाटलं. आणि दाराला कान लावायचा तर तिच्याइतका चांगला कान त्या अख्ख्या इमारतीत कुणाकडे नव्हता. पण ती बसून राहिली. पंचवीस मिनिटं बसली.

मग दार उघडलं. भुंगा बाहेर आला, दाराला धरून उभा राहिला. डोळे लाल होते. जमिनीकडे बघत म्हणाला, "आजी, आत ये. डॉक्टर विचारतायत आवाज नेमका कधी बदलला. मला नीट सांगता येत नाहीये, आईला तर कळलंच नव्हतं. तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

ती उठली. गुडघा दुखत होता, त्याकडे लक्ष न देता आत गेली. डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या, समोर कागद. त्यांनी आधी सांगून टाकलं की ट्यूब बंद झाली आहे, आज रक्त घेणार आहोत, भेटी थांबणार नाहीत, उलट लवकर लवकर होतील, आणि औषधाचा निर्णय आज होणार नाही. मग म्हणाल्या, आजी, तुम्हालाही काही सांगायचंय का? सूरमावशी उभ्याउभ्या म्हणाली, मला वाटतं थांबावं, मोठं होऊ द्यावं. त्यात थोडा माझा स्वार्थ आहे, तेवढा वजा करून लिहा.

डॉक्टरांनी खरंच काहीतरी लिहिलं. मग विचारलं, आवाजात फरक पडला हे तुमच्या लक्षात कधी आलं?

"घोगरेपणा त्याच्या पंधरा दिवस आधीपासून होता, मी सर्दी समजले," सूरमावशी म्हणाली. "पण नीट उतरलेला ऐकला तो मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, चारच्या जरा आधी. दीड सूर खाली. घसा दाबलेला नव्हता. मला सांगायला आला होता तो, काय ते स्पष्ट सांगितलंही होतं. मी फक्त आवाज ऐकला."

डॉक्टर लिहीत होत्या. लेक हातातल्या रुमालाकडे बघत होती. भुंग्याने शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती, ती उचलून मांडीवर घेतली. सूरमावशी त्या खुर्चीवर बसली.